दुसरं झाड

१

सकाळी काचघराचं कुलूप उघडलं की मी आधी तिची खबर घेते. "काय महाराणी, उठलात का? की अजून मानपान व्हायचाय?" कुंडीतल्या झाडाशी भांडणारी बाई म्हणून बागेतले लोक मला हसतात. हसोत बापडे. माझं एवढं निमूट ऐकून घेणारं दुसरं कोण आहे इथे?

महाराणी म्हणजे शेवंतीच्या कुळातलं एक रानफूल. गुडघ्याएवढं झाड, राखाडी लव असलेली पानं आणि शर्टाच्या बटणाहून जरा मोठी, फिकट जांभळी फुलं. रस्त्याच्या कडेला उगवली असती तर शेळीनेही ढुंकून पाहिलं नसतं. पण या जातीची ती एकच उरली आहे. जुन्या दगडखाणीच्या काठावरून मॅडमनी तिला मातीच्या ढेकळासकट उचलून आणलं आणि पुढच्याच पावसात तो काठ खचला. मॅडम म्हणजे आमच्या वनस्पती उद्यानाच्या प्रमुख. रोपं जगवायचं काम माझं.

या कुळाची गंमत अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतंच. मधल्या चकतीवर इवलाली शेकडो फुलं खेटून बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या पोटी एक बी. पण आमच्या महाराणींचा तोरा काय विचारता? स्वतःचा पराग त्यांना चालत नाही, दुसऱ्याच झाडाचा लागतो. आणि दुसरं झाड तर कुठेच नाही. तरी मी रोज ब्रश घेऊन एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर फिरवायची, कारण मॅडम म्हणायच्या, म्हातारपणी एखादं झाड हट्ट सोडतं. हिने सोडला नव्हता. बिया यायच्या, पण पोकळ. नखाखाली दाबली की चपटी.

खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. ही जात एकदा भरलेलं बी धरलं की सुकून जाते. बी भरत नाही तोवर फुलत राहते. पोकळ तर पोकळ, ती माझ्यासमोर हिरवीगार होती.

बागेच्या भिंतीपलीकडे, दुकानांच्या मागे कर्मचाऱ्यांची घरं आहेत. त्यातल्या एकात मी आणि माझी धाकटी बहीण राहतो. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून राहायची म्हणून घरात सगळे तिला ठकी म्हणत. तसं म्हणणाऱ्यांपैकी आता मीच उरलेय. उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तिला दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं, तेव्हाच काय ते कळलं. पण ठकी गेली नाही. उलट उठून बसली. गालावर रंग आला. खिडकीशी खुर्ची ओढून दिवसभर उन्हात बसायला लागली. मी ज्यांचे म्हणून मानता येतील त्या सगळ्यांचे आभार मानले आणि फार खोलात गेले नाही. बहीण जगतेय म्हटल्यावर खोलात कोण जातं?

त्या सकाळी मी नेहमीसारखी एक वाळलेली चकती तोडली, बिया तळहातावर घेतल्या आणि एक नखाखाली दाबली. ती चपटी झाली नाही.

२

मॅडमनी बी चिरून भिंगाखाली धरलं. आत पांढराशुभ्र गर होता. त्या चकतीतल्या बाकीच्या पोकळच निघाल्या.

"बाई, तुमचा ब्रश कुठेकुठे फिरला?" त्यांनी विचारलं.

"हिच्याच अंगावर. माझा ब्रश घरंदाज आहे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "म्हणजे पराग बाहेरून आलाय. आसपास कुठेतरी दुसरं झाड आहे."

काचघराच्या झरोक्याची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती. आम्ही दोघी तिथे स्टूल टाकून बसलो. उन्हं चढली तशी एक बारीक, पट्ट्यापट्ट्यांची माशी त्या भोकातून आत आली आणि सरळ महाराणीवर जाऊन बसली. तिच्या पायांना विटकरी पूड लागलेली होती. महाराणीचा पराग तसाच विटकरी. बागेत दुसऱ्या कशाचाच तो रंग नाही. आणि ही माशी तर फुलावर बसण्याआधीच रंगून आली होती.

"जाळी शिवून घेते," मी म्हटलं.

"शिवताय कसली? काढून टाका सगळ्या जाळ्या. येऊ देत तिला मोकळेपणी."

काढल्या मी. माझ्या हातांनी काढल्या. कुठलीही माळीण तेच करती, आणि कुठल्याही माळणीला शहाणपणाच वाटला असता तो.

संध्याकाळी घरी येऊन ठकीला सगळं सांगितलं. ती खिडकीशी, पाय पाण्याच्या टबात सोडून बसली होती. तळपायांची आग होते म्हणून दिवसभर ती तशीच बसायची, आणि टबातलं पाणी संध्याकाळपर्यंत निम्मं झालेलं असायचं. ऊन लागतं, पाणी उडून जातं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"म्हणजे आता तुझी महाराणी मरणार," ती म्हणाली.

"बिया ठेवून जाईल ना. जात वाचेल."

"मग वाईट काय त्यात?"

"तू मला शिकवू नकोस. जेवलीस का दुपारी?"

"उन्हात बसले होते," ठकी म्हणाली.

मी पुन्हा विचारलं नाही. ताट झाकलेलं होतं तसंच होतं. पण तिचे गाल इतके टवटवीत दिसत होते, की भांडायला तोंड उघडेना.

३

माशीचा माग काढायची एक जुनी युक्ती आहे. फुलावर बसली की तिच्यावर चिमूटभर पीठ भुरभुरवायचं. मग उडताना पांढरा ठिपका दिसतो. नजर पोचेल तिथवर बघायचं, तिथे जाऊन उभं राहायचं आणि पुढच्या ठिपक्याची वाट बघायची. काम सोपं, फक्त मान मोडते.

मी सकाळी घरातला पिठाचा डबाच उचलून बागेत नेला. पहिला टप्पा मॅडम माझ्याबरोबर आल्या, मग त्यांचा गुडघा बोलायला लागला आणि त्या परतल्या. पुढे मी एकटी. माशी बागेची भिंत ओलांडून लॉन्ड्रीच्या पत्र्यावरून गेली. तिथून सायकल दुरुस्तीच्या दुकानावरून. दुकानदार पंक्चर काढता काढता म्हणाला, "बाई, आभाळात काय हरवलंय तुमचं?"

"अक्कल," मी म्हटलं. "सापडली तर कळवा."

तो हसला. मीही हसले. खरंच मजेत होते मी त्या दिवशी. दुसरं झाड सापडणार, महाराणीला कुळातलं कुणी भेटणार, मॅडम मला चहा पाजणार. दुकानानंतर माशी डावीकडे वळली, एका बोळाच्या तोंडाशी दिसेनाशी झाली. मी तिथे जाऊन उभी राहिले. दुसरा ठिपका डोक्यावरून गेला, घरांच्या एका रांगेच्या मागच्या अंगाने खाली उतरला आणि एका उघड्या खिडकीतून आत गेला.

मी ठिपक्यातच इतकी गुंतले होते, की पडदा नंतर दिसला. निळा, खालची शिवण वाकडी. ती वाकडी शिवण माझीच होती.

मागच्या बाजूने कधी येत नाही म्हणून घर ओळखलं नाही, एवढंच. मी तिथे उन्हात उभी राहिले. बऱ्याच वेळाने माशी बाहेर आली. अंगावरचं पीठ गेलं होतं आणि पाय विटकरी झाले होते.

४

ठकीच्या खोलीत झाड नाही. फुलदाणी नाही. दवाखान्यातून आल्यापासून मी तिथे ओली माती येऊ दिली नव्हती, तिला खोकल्याची उबळ येते म्हणून. तरी मी पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटामागे हात घातला, खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं. धूळ होती. माझ्यासारख्या आळशी बाईच्या घरात असते तेवढी.

ठकी खुर्चीत झोपली होती. पाय टबात. चेहरा उन्हाकडे. सकाळी मी निघाले तेव्हा खुर्ची उजवीकडे वळलेली होती, आता डावीकडे वळलेली होती, आणि ऊनही आता डावीकडूनच येत होतं. मला बाई त्यात काही वावगं वाटलं नाही. थंडीत मांजरही हेच करतं.

मग मी तिच्या अंगावर चादर घालायला वाकले. तिच्या वरच्या ओठावर पीठ होतं.

पीठ ते, त्यात काय एवढं, स्वयंपाकघरात गेली असेल. पण डबा माझ्या काखेत होता. सकाळपासून माझ्याकडेच होता.

मी पदराने तिचा ओठ पुसला. ती जागी झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी काहीतरी फोडून ठेवलं की बघायची तशी.

"ताई, तू शोधतेयस ना?"

"काय शोधतेय?"

"नको शोधूस. मला बरं वाटतंय. श्वास घेताना दुखत नाही. तेवढं पुरेसं नाही का तुला?"

"पुरेसं आहे गं," मी म्हटलं. आणि खरंच होतं. मॅडमना मी सांगितलं, माशी बोळात हरवली.

५

महाराणीची खालची पानं पिवळी पडायला लागली. प्रत्येक चकती फुगून टणक झाली. मॅडम रोज येऊन तिच्याकडे कौतुकाने बघायच्या. "सगळी भरतायत. पिकली की एकदमच काढू," असं म्हणायच्या. झाड खालून वर सुकत होतं, त्या जातीच्या रीतीप्रमाणे.

रविवारी मी ठकीचे पाय धुवायला बसले. दिवसभर पाण्यात असलेले पाय, तरी टाचा कोरड्या ठणठणीत होत्या. घोट्यापर्यंतची कातडी तपकिरी झाली होती आणि बोट फिरवलं की वाळलेल्या पानासारखी कुरकुरत होती. मी क्रीम चोळलं. मनाशी म्हटलं, आजारपणात होतं असं. रक्त पोचत नाही. डॉक्टरांना विचारू.

"जोरात चोळतेय का मी?"

"चोळ की. तिथलं आता मला कळत नाही," ठकी म्हणाली, अगदी सहज.

त्या क्षणी मी घाबरले. मी उठून खिडकी लावली, फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. बागेत जाऊन झरोक्यांना नव्या जाळ्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा श्वास दवाखान्यात लागायचा तसा लागायला लागला. तोच आवाज, छातीत कुणी कागद फाडतंय असा. ओठ निळे पडले. तिने हाताने खिडकी दाखवली. तिला बोलता येत नव्हतं.

मी उघडली. काय करणार होते दुसरं? खिडकी उघडली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने ती माशी आली. मग आणखी एक. ठकीने मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. झोपेत तोंड उघडं पडतं तसं नव्हतं ते. सावकाश, पुरतं, दुखेल इतकं उघडलं. माशी आत उतरली. ऊन सरळ तिच्या तोंडात पडलं होतं आणि मी हातभर अंतरावर होते. जिभेच्या जागी मला जीभ दिसली नाही. विटकरी रंगाचं, बारीक, दाटीवाटीने उभं असलेलं काहीतरी होतं आणि माशी जिथे टेकली तिकडे ते सगळं मिळून किंचित कललं.

मग तिने तोंड मिटलं. श्वास मोकळा झाला होता. गालांवर रंग होता.

"चहा टाकतेस?" तिने विचारलं.

मी चहा टाकला. उन्हाने डोळे दिपतात, भलतंच दिसतं, असं मी दूध उतू जाईपर्यंत स्वतःला सांगत होते.

६

चहा दोघींनी घेतला. म्हणजे मी घेतला, तिने कप हातात धरला. आणि मला हिशेब लागला. पुस्तकातला नव्हे, माझ्या रोजच्या कामातला. महाराणी खालून सुकतेय, ठकी खालून सुकतेय. महाराणी गेली की ठकी जाणार. मग महाराणीला जाऊ द्यायचं नाही.

ते काही अवघड नसतं. कुठल्याही बागेत करतात. फुलझाड लवकर थकू नये म्हणून बी धरलेल्या चकत्या वेळेवर छाटायच्या. झाडाला वाटतं आपलं काम राहिलंय अजून. ते पुन्हा फुटतं.

एवढंच, की या चकत्या छाटल्या तर त्या जातीच्या साऱ्या भरलेल्या बिया गेल्या. मॅडमची उमर गेली त्यासाठी. मला ते ठाऊक होतं. मी त्यांच्याच टेबलावरची कात्री घेतली.

मॅडम आत आल्या तेव्हा मी शेवटची चकती छाटत होते. बाकीच्या माझ्या पायाशी पडल्या होत्या, हिरव्या, कोवळ्या, अजून रुजण्याजोग्या न झालेल्या. त्या दारात उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"का?" एवढंच म्हणाल्या.

"बहीण आहे हो माझी," मी म्हटलं.

त्यांना काय कळणार त्यातून? त्या खाली बसल्या आणि एकेक चकती उचलून ओच्यात भरायला लागल्या. मला त्यांची कीव आली, लाजही वाटली. पण पुन्हा वेळ आली तरी मी तेच केलं असतं. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं मला सांगायची त्यांना गरज पडली नाही. तरी मी जात राहिले, काचघराच्या मागच्या बाजूने, चोरून, काचेला नाक लावून बघायला. आणि एका सकाळी महाराणीच्या बुंध्याशी कोवळा हिरवा कोंब दिसला. शेजारी दुसरा. ती फुटत होती. ती जगणार होती.

मी या वयात पळत घरी आले.

७

"ठके, फुटली बघ ती," मी दारातूनच म्हटलं.

ती खुर्चीतच होती. टब कोरडा होता. मी त्या सकाळी भरला होता की नाही, आठवेना. तपकिरी रंग गळ्यापर्यंत चढला होता. चेहरा तेवढा तिचा होता, शांत, जरासा दमलेला. मी तिला उचलून पलंगावर घेतलं आणि हातांना वजनच लागलं नाही. धुतलेली चादर दोरीवरून काढावी तसं झालं.

"छान केलंस. वाचली बिचारी," ती म्हणाली. आवाज फार बारीक होता.

"मग तू का अशी? तिचं सगळं छाटलं मी. एक बी ठेवलं नाही."

"तिचं छाटलंस ताई."

मग मला कळलं. जन्मभर परागाचं काम केलेली बाई मी. माशी जाताना नेते तशी येताना आणते, हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवते. इकडचं तिकडे गेलं होतं, तितकंच तिकडचं इकडे आलं होतं. बी ठकीनेही धरलं होतं. कात्री घेऊन मी चुकीच्या झाडाकडे गेले होते. आणि बरोबर झाडाकडे गेले असते तर काय छाटलं असतं मी? कुठे चालवली असती कात्री? त्याचा विचार मला करवत नाही.

"डॉक्टरांना बोलावते," मी म्हटलं.

"ते काय करतील? मला दुखत नाही गं. भरून आल्यासारखं वाटतंय." तिने मान खिडकीकडे वळवली. "खिडकी उघडतेस? गरम होतंय."

वाऱ्याने खिडकी लोटली गेली होती, ती उघडायला मी उठले होते. तेवढ्यात तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तळहाताला पांढरी लव चिकटून आली. मऊ, रेशमी, एकेका टोकाला काळा ठिपका असलेली. या कुळातल्या बिया वाऱ्यावर जातात, त्यासाठीच असते ती. जिथून लव निघाली होती तिथे ठकीचं कानशील असायला हवं होतं. मी तिकडे नीट पाहिलं नाही. पदर ओढून झाकून टाकलं.

आता बाहेर वारा सुटलाय. लॉन्ड्रीचा पत्रा वाजतोय. मी खिडकीला पाठ लावून उभी आहे, कडी मागे हातात घट्ट धरून. दाराच्या फटीत मी माझ्या सगळ्या साड्या कोंबल्यात.

"ताई, हात काढ ना," ती म्हणते. रडत नाही, रागावत नाही. लहानपणी खेळायला सोड म्हणायची त्याच आवाजात म्हणते. "मला जायचंय."

"कुठे जाणार आहेस तू? बस गुपचूप माझ्यापाशी."

मी हात काढलेला नाही. पण जुनं घर आहे, फटी कुठेकुठे बुजवणार? आत वारा येतोच आहे, आणि दर झुळकीसरशी पलंगावर ती थोडी कमी होते आहे.